पांढरीच्या मातीत

शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही जमिनीची वाटणी आपल्याकडे फार जुनी. पिढ्यानपिढ्या चुलीतली राख, शेण, हाडं, पडक्या भिंतींची माती एकाच जागी साचत गेली की काळ्या जमिनीवर पांढुरका थर चढतो. त्यातला फॉस्फरस चुन्याशी घट्ट बांधला जातो आणि हजारो पावसाळे टिकतो. म्हणून तर शेतकरी ही माती खत म्हणून शेतात पसरत आले. पुरातत्त्वज्ञ तिच्यावरून उजाड झालेलं गाव ओळखतात.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला असंच पांढरीचं टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगातलं, इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं गाव उघडं पडलं. धान्यही मिळालं, मुख्यतः जव, पण जळलेला. धड दाणे किडींनी, बुरशीनं केव्हाच संपवले असते. कोळसा झालेला दाणा जिवाणूंना सहज पचत नाही, म्हणून तो उरतो. त्यातल्या किरणोत्सारी कार्बन-१४चं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ५,७३० वर्षं लागतात. म्हणजे तीन हजार वर्षांनीही तो जवळपास ७० टक्के शिल्लक असतो, आणि त्यावरून दाण्याचं वय काढता येतं. कुणाच्या तरी हातून चुलीपाशी सांडलेलं, करपलेलं धान्य आज त्या गावाचं पंचांग झालं आहे.

पण माझं मन अडकतं ते घरांच्या जमिनीखाली. दगावलेलं मूल ही माणसं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घरातच पुरत. लेकरू घराबाहेर जाऊ नये असं त्यांना वाटत असावं, असं मला वाटतं.

त्या मडक्यांत दात सापडतात. हाड आयुष्यभर झिजतं, पुन्हा भरतं. दातावरचं कठीण कवच मात्र एकदाच घडतं. ते घडत असताना उपासमार झाली, मोठं आजारपण आलं, तर तिथं खाच किंवा रेघ राहते आणि ती पुढे भरून येत नाही. दुधाचे दात तर आईच्या पोटातच घडू लागतात, त्यामुळे तिच्या हालअपेष्टांची खूणही त्यांत उतरू शकते. जन्माच्या वेळीही कवचात एक बारीक रेघ उमटते. पुढे ते रोज थोडं थोडं चढत जातं. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्या रेघेपासून पुढचे थर मोजून बाळ किती दिवस जगलं याचा अंदाज बांधता येतो.