रविवारचा पाठ ठरवतो कोण? पाळकाचा संदेश आणि चर्चच्या वर्षाची पार्श्वभूमी

पाळक म्हटलं की लोकांना लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी आठवतात, पण त्याच्या सेवेतला सगळ्यात न संपणारा भाग म्हणजे दर रविवारचा संदेश. तीस वर्षं सेवा केली तर दीड हजाराच्या वर रविवार होतात, नाताळ, राखेचा बुधवार, उत्तम शुक्रवार हे वेगळेच. एवढ्या वेळा त्याच लोकांसमोर उभं राहायचं तर बोलायचं कशावर हे ठरवणार कोण? पाळकाने आपल्या मनाने पाठ निवडायचा, बायबलमधलं एखादं पुस्तक घेऊन ओळीने पुढे जायचं, की आधीच ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जो उतारा त्या दिवशी येईल त्यावर बोलायचं? ह्या तीन रस्त्यांमधली ओढाताण फार जुनी आहे, आणि ती समजली तर आज वेगवेगळ्या चर्चमध्ये वेगवेगळं का चालतं ते लगेच लक्षात येतं.

आधी वर्ष कसं असतं ते पटकन बघू. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये जो रविवार येईल तो. मग चार रविवारांचा आगमनकाळ, नाताळ, ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, नंतर राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, आणि मग जवळजवळ अर्धं वर्ष सणांशिवायचे साधे रविवार. पाश्चात्त्य परंपरेतला हा साचा आहे, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं.

आता मूळ कुठे आहे? सभास्थानात. यहुदी लोक शब्बाथाला नियमशास्त्र वाचायचे, मग संदेष्ट्यांची पुस्तकं, आणि मग कुणीतरी त्यावर बोलायचं. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो, त्याच्या हातात यशयाची गुंडाळी दिली जाते, तो वाचतो, गुंडाळी परत देतो, खाली बसतो आणि बोलायला लागतो. वाचन आणि मग त्यावर बोलणं, हा क्रम तिथूनच आला. साधारण १५५ च्या सुमाराला जस्टिन मार्टर नावाच्या लेखकाने रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहिताना ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते सांगितलंय, त्यात प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तितकं वाचतात आणि मग प्रमुख उठून बोध करतो असं आहे. "वेळ असेल तितकं" हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण अमुक दिवशी अमुकच ओवी असं पक्कं वेळापत्रक असल्याचं त्या वर्णनात कुठे दिसत नाही.

सणांमध्ये सगळ्यात जुना ईस्टर, नाताळ नाही. आणि ईस्टर कधी पाळायचा यावर दुसऱ्या शतकातच भांडणं झाली, आशिया प्रांतातले ख्रिस्ती यहुदी वल्हांडणाच्या तारखेला पाळायचे मग वार कुठलाही असो, बाकीचे रविवारी. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. तारखेचं गणित मात्र सोपं नव्हतं, म्हणून अलेक्झांड्रियाचा बिशप दरवर्षी पत्र काढून यंदाचा ईस्टर अमक्या दिवशी असं कळवायचा आणि त्याच पत्रात थोडा बोधही करायचा. अथनेशियसचं ३६७ सालचं असंच एक पत्र आहे, आणि नव्या करारातली आजची बरोबर २७ पुस्तकं अधिकृत म्हणून एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती त्यात. म्हणजे कॅलेंडर कळवायला काढलेल्या पत्रात नव्या कराराची यादी! चर्चचं वर्ष आणि शास्त्र एकमेकांत किती गुंतलेत याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नाताळ मागाहून आला, २५ डिसेंबरची रोममधली नोंद ३५४ सालच्या एका संग्रहात मिळते आणि ती ३३६ पर्यंत मागे जाते.

चौथ्या शतकाच्या शेवटी एजेरिया नावाची एक बाई लांबचा प्रवास करून जेरुसलेमला गेली आणि तिने तिथलं सगळं लिहून ठेवलं. झावळ्यांच्या रविवारी लोक जैतुनांच्या डोंगरावरून फांद्या घेऊन शहरात यायचे, उत्तम शुक्रवारी क्रुसाच्या लाकडाला वंदन व्हायचं, आणि प्रत्येक ठिकाणी वाचलं काय जातं तर त्या जागेला आणि त्या दिवसाला साजेसा उतारा, याचं तिला फार कौतुक वाटलेलं दिसतं. दिवसाला उतारा जोडायची ही सवय यात्रेकरूंबरोबर दूरवर गेली.

याच काळातला एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण चर्चचं वर्ष पाळकाला कसं धरून ठेवतं ते त्यात दिसतं. ३८७ मध्ये अंत्युखिया शहरात नव्या कराविरुद्ध दंगल झाली, जमावाने सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडले. हा राजद्रोहच, आता सगळं शहर चिरडलं जाणार म्हणून लोक भीतीने गारठले. म्हातारा बिशप फ्लेव्हियन सम्राटाच्या पाया पडायला कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला, आणि मागे मंडळी सांभाळायला राहिला जॉन क्रिसॉस्टम, ज्याला धर्मगुरूची दीक्षा मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. उपवासकाळ चालू होता. त्या दिवसांतले त्याचे एकवीस संदेश परंपरेने मोजले जातात. तो लोकांना धीर देतो, पण नुसता धीर देऊन सोडत नाही, उपवास म्हणजे जिभेचाही उपवास, शपथा घ्यायचं सोडा हे पुन्हा पुन्हा सांगतो, इतकं की वाचताना वाटतं अरे शहर जळायच्या बेतात आणि हा शपथांवर बोलतोय. पण तेच तर आहे, उपवासकाळ पश्चात्तापाचा आणि संकट आलं म्हणून त्याने तो बाजूला ठेवला नाही. शेवटी माफी मिळाली आणि फ्लेव्हियन ईस्टरपर्यंत परतला. हाच जॉन पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, राजदरबाराशी वाकडं आलं, हद्दपार झाला आणि ४०७ मध्ये तिकडेच वारला. त्याच्या नावाने चालत आलेला ईस्टरचा छोटा संदेश आजही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री वाचतात.

पश्चिमेकडे पहिला लिओ, ४४० ते ४६१ रोमचा बिशप, याचे संदेश बघितले तर सरळ सणांप्रमाणेच लागलेले आहेत, नाताळ, प्रकटीकरण, उपवासकाळ, येशूचं दुःखसहन. छोटे, नेमके. दरवर्षी त्याच सणावर बोलतो आणि दरवर्षी थोडं वेगळं.

मग मधली शतकं. बऱ्याच गावातल्या धर्मगुरूंचं शिक्षणच कमी, स्वतः संदेश तयार करणं सगळ्यांना जमणारं नव्हतं. आठव्या शतकाच्या शेवटी फ्रँक राजा शार्लमेनने पॉल द डीकन या विद्वानाकडून जुन्या धर्मपित्यांच्या संदेशांचा वर्षाच्या क्रमाने लावलेला संग्रह करून घेतला. सोय झाली, पण वर्ष चालवायला जिवंत उपदेशकाची गरजच उरली नाही असाही त्याचा अर्थ होतो. आणि रविवारचे उतारे दरवर्षी तेच, त्यामुळे बायबलचा मोठा भाग लोकांच्या कानावर रविवारी कधी पडायचाच नाही.

म्हणून सोळाव्या शतकात, चर्च सुधारायच्या चळवळीतून प्रॉटेस्टंट मंडळ्या वेगळ्या झाल्या तेव्हा, स्फोट झाला तो इथेच. १ जानेवारी १५१९ ला सुधारक झ्विंगली झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये कामाला लागला आणि त्याने ठरलेले उतारे बाजूला ठेवून मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने सांगायला घेतलं. जिनिव्हातला सुधारक कॅल्व्हिन याची गोष्ट तर त्याहून बोलकी. १५३८ च्या ईस्टरच्या वेळी वादावरून त्याला जिनिव्हातून हाकललं, १५४१ च्या सप्टेंबरमध्ये परत बोलावलं, लोकांना वाटलं आता हा विरोधकांचा समाचार घेणार, तर त्याने तीन वर्षांपूर्वी जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या भागापासून सुरुवात केली. मला हा माणूस सगळ्या बाबतीत पटत नाही पण इथे मान झुकते. बरं, त्यानेही वर्ष पूर्ण टाकलं नव्हतं, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तो दुःखसहनावरच बोलायचा.

जर्मनीतला सुधारक लूथर वेगळा. त्याने रविवारचे जुने उतारे ठेवले, नव्या करारातल्या पत्रांमधून निवडलेल्या काही उताऱ्यांवर त्याचा राग होता तरी ठेवले, आणि त्या उताऱ्यांवरचे नमुना संदेश स्वतः लिहून छापले म्हणजे गावोगावच्या पाळकांना हाताशी काहीतरी असेल. आठवड्याच्या इतर दिवशी मात्र पुस्तकं ओळीने, १५२६ च्या त्याच्या जर्मन उपासनाविधीत बुधवारी मत्तय, शनिवारी योहान असं नेमून दिलेलं आहे. हा मधला मार्ग मला सगळ्यात शहाणा वाटतो. आणि याचंच फळ म्हणजे संगीतकार बाखची कँटाटा, म्हणजे उपासनेत गायच्या रचना, १७२३ पासून लाइपझिगमध्ये तो रविवारच्या ठरलेल्या पाठावर संगीत रचत होता, त्याच पाठावर मग पाळक बोलायचा.

इंग्लंडमध्ये १५४७ ला छापील संदेशांचं पुस्तकच आलं, ज्यांना नीट उपदेश करता येत नाही त्यांनी हे वाचावं. पुढे प्युरिटन, म्हणजे चर्च आणखी कडक सुधारू पाहणाऱ्या, लोकांच्या हातात सत्ता आल्यावर १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर सगळेच सण रद्द केले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड, तो कायदा १६८१ मध्ये गेला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ ला आली. सण बंद करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं, देवाने नेमलेला दिवस एकच, रविवार, बाकीचे माणसांनी काढलेले. हा विचार उथळ नाही, पण त्यात पाळकावर भयंकर ओझं येतं, सगळं त्याच्याच निवडीवर.

पाळकाची कारकीर्द एका जागी किती असावी याचाही या प्रश्नाशी संबंध आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने तर १७५६ च्या एका पत्रात कबूल केलंय की मी एकाच ठिकाणी वर्षभर उपदेश केला तर मीही झोपेन आणि मंडळीही झोपेल, म्हणून मेथडिस्ट उपदेशक सतत फिरते. उलट पाळक चार्ल्स सिमियन १७८२ ते १८३६ केंब्रिजच्या एकाच चर्चमध्ये, ५४ वर्षं! फिरत्या उपदेशकाला तेच संदेश नव्या गावात चालतात, पण एका जागी रुजलेल्याला त्याच लोकांना तोच नाताळ पुन्हा सांगायचा असतो, आणि मागच्या नाताळला जो माणूस पुढच्या बाकावर होता तो आता नसतो, ज्या घरात पाळणा हलला त्या घरातलं कुणीतरी दवाखान्यात असतं. उतारा तोच पण ऐकणारी मंडळी तीच राहत नाही, पाळकही नाही.

हिटलरला विरोध करणाऱ्या डिट्रिश बोनहॉफर या जर्मन पाळकाचं इथे सांगायलाच हवं. ८ एप्रिल १९४५, ईस्टरनंतरचा पहिला रविवार, नाझींच्या कैदेत असताना सोबतच्या कैद्यांनी विनंती केली म्हणून त्याने छोटी उपासना घेतली आणि त्या दिवसाच्या नेमलेल्या पाठांवरच बोलला, यशया ५३:५ आणि पेत्राचं पहिलं पत्र १:३. दुसऱ्या दिवशी फ्लोसेनबुर्गला त्याला फाशी दिली. "त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य" आणि "जिवंत आशा", हे पाठ त्याने निवडलेले नव्हते.

आता आजचं वेळापत्रक. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये म्हटलं की बायबलचा खजिना लोकांसाठी जास्त उघडा व्हायला पाहिजे, त्यातून १९६९ मध्ये तीन वर्षांचं नवं चक्र तयार झालं. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान उपवासकाळात, ईस्टरच्या दिवसांत आणि मार्कच्या वर्षात मध्ये मध्ये, कारण मार्क लहान. कुठलं वर्ष चालू आहे ते ओळखायची युक्ती म्हणजे ज्या सालाला तीनने पूर्ण भाग जातो ते लूकचं, फक्त सुरुवात आदल्या वर्षाच्या आगमनकाळात. सणांच्या दिवसांत दिवसाला साजेसे उतारे आणि साध्या रविवारी शुभवर्तमान बऱ्यापैकी ओळीने, म्हणजे एजेरियाने पाहिलेली पद्धत आणि झ्विंगलीची पद्धत एकाच चक्रात बसली. आणि गंमत नाही, खरंच आनंदाची गोष्ट आहे की प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ते लगेच उचललं, अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी तर १९७० लाच. मग १९८३ ची सामाईक लेक्शनरी, म्हणजे कुठल्या दिवशी कुठला उतारा वाचायचा त्याची ठरलेली सूची, आणि १९९२ ची तिची सुधारित आवृत्ती, जी आज जगभर लूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन वगैरे कितीतरी ठिकाणी वापरतात. ज्यांच्या पूर्वजांनी सण बंद केले त्यांचेच पाळक आता आगमनकाळाची वाट बघतात.

माझं मत विचाराल तर नेमलेला पाठ असणं चांगलं. मत्तयाच्या वर्षात नाताळनंतरच्या रविवारी हेरोदाने केलेली बाळांची हत्या येते, नाताळच्या आठवड्यात हा उतारा आपणहून कोण घेईल? पण तो असतो म्हणून ज्या घरात मूल गेलंय त्यांच्याबद्दलही त्या आठवड्यात बोललं जातं. तरी तक्रारी खऱ्या आहेत. या १९९२ च्या सूचीत शास्ते या आख्ख्या पुस्तकातून तीन वर्षांत एकच उतारा, दबोराचा. जुन्या करारातल्या गोष्टी तुकड्यांत येतात आणि सलग कथा ऐकू येत नाही. त्यामुळेच साधारण २०१० पासून अमेरिकेतल्या लूथर सेमिनरीने चार वर्षांची कथानुक्रमाची वेगळी लेक्शनरी सुरू केली, सप्टेंबरमध्ये जुन्या करारापासून निघायचं आणि नाताळपासून ईस्टरपर्यंत एकच शुभवर्तमान सलग ऐकायचं. काही पाळक दोन्ही आलटून पालटून वापरतात, काही सणांना लेक्शनरी आणि पेंटेकॉस्टनंतरच्या लांब महिन्यांत एखादं पुस्तक ओळीने घेतात, म्हणजे १५२६ ला लूथरने आठवड्याच्या दिवसांमध्ये जे वाटून दिलं होतं ते आता ऋतूंमध्ये वाटलं जातंय.