टीपीएम चिप नक्की कोणाच्या बाजूची?

विंडोज 11 आलं 2021 च्या ऑक्टोबरात आणि तेव्हा टीपीएम (ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल, मशीनच्या सुरक्षेसाठीची छोटी चिप) हे नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं, कारण चांगले धडधाकट पीसी "टीपीएम 2.0 नाही" म्हणून बाद ठरले. ही चिप करते काय ते बघू, म्हणजे तिचं कौतुक किती करायचं आणि तिला घाबरायचं किती हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

मशीन चालू झालं की आधी बायोस, मग बूटलोडर, मग विंडोज किंवा लिनक्स असं एकेक पुढे सरकतं. प्रत्येक टप्प्यावर पुढचा प्रोग्राम चालवायच्या आधी त्याचा हॅश (त्या प्रोग्रामवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून चिपला दिला जातो. चिपमधे पीसीआर नावाचे कप्पे असतात आणि गंमत अशी की त्यात कोणालाच थेट आकडा लिहिता येत नाही, कप्प्यातला जुना आकडा आणि नवा हॅश शेजारी शेजारी ठेवून दोघांचा मिळून परत हॅश काढायचा, तोच नवा आकडा. बूटलोडरमधला एक बिट जरी बदलला तरी शेवटी भलताच आकडा येतो, आणि बूटच्या नोंदीचे कप्पे रीस्टार्ट केल्याशिवाय शून्यावर येत नाहीत. चिप स्वतः काही अडवत नाही हां, ती फक्त नोंद ठेवते.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर, डिस्कची किल्ली याच आकड्यांना बांधून ठेवतं. चोराने लॅपटॉप नेला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर त्याला नुसता कचरा दिसणार. हा फायदा खराच मोठा आहे. पण बायोस अपडेट केल्यावरही आकडे बदलू शकतात, मग सकाळी सकाळी निळी स्क्रीन 48 अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे पडलीय हे कित्येकांना माहीतच नसतं (आत्ताच बघून कागदावर लिहून ठेवा).

आणि चिप म्हणजे अभेद्य किल्ला वगैरे नाही. 2024 मधे एका संशोधकाने जुन्या लॅपटॉपवर, जिथे टीपीएम प्रोसेसरपासून वेगळी बसवलेली होती, रास्पबेरी पाय पिको हा स्वस्तातला छोटा बोर्ड लावून मिनिटाच्या आत बिटलॉकरची किल्ली काढून दाखवली, कारण चिपकडून प्रोसेसरकडे ती उघडीच जात होती. बूटच्या आधी पिन मागायची सेटिंग असली तर ही युक्ती चालत नाही.

खरा वाद मात्र रिमोट अटेस्टेशनचा आहे. चिप तेच आकडे सही करून बाहेरच्या सर्व्हरला पाठवू शकते, म्हणजे तुमच्या मशीनवर काय चालू आहे याची साक्ष तुमचंच मशीन दुसऱ्याला देतं. ऑफिसच्या नेटवर्कसाठी हे उत्तम. पण 2002 मधे मायक्रोसॉफ्टने पॅलेडियम (पीसीत अशीच हार्डवेअरची सुरक्षा आणायची योजना) जाहीर केलं तेव्हाच मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन आणि केंब्रिजचे सुरक्षा संशोधक रॉस अँडरसन ओरडून सांगत होते की उद्या कुठली फाइल कुठल्या सॉफ्टवेअरमधे उघडायची हे कंपन्या ठरवतील. पीसीवर तेवढं काही झालं नाही, फोनवर झालं. बूटलोडर अनलॉक करून कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्या कोणी बनवलेलं अँड्रॉइड) टाका, ताजे सिक्युरिटी पॅच असले तरी साक्ष जुळत नाही म्हणून बऱ्याच बँक अ‍ॅप्स उघडत नाहीत, आणि पॅच शिळे झालेला पण कंपनीचंच सॉफ्टवेअर असलेला फोन बऱ्याचदा आरामात पास होतो! 2023 मधे गूगलने असंच काहीसं ब्राउझरमधे आणायचा प्रस्ताव मांडला होता, मोझिलासकट खूप जणांनी विरोध केला आणि नोव्हेंबरात तो गुंडाळला.

बँकेचंही पूर्ण चुकतंय असं नाही म्हणा, मालवेअरला रूट (म्हणजे फोनचा पूर्ण ताबा) मिळालं तर ओटीपी त्याच्याही हातात जातो. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ईएफएफ या अमेरिकन संस्थेने 2003 मधेच एक तोडगा सुचवला होता, मशीनच्या मालकाने समोर बसून मुद्दाम सांगितलं तर चिपने बाहेर हवी ती साक्ष द्यावी, आणि मालकाला न कळता आत झालेला बदल मात्र लपू नये. मला तो अजूनही पटतो. कंपन्यांना तो नको होता, कारण मग गाण्या-सिनेमांची कुलुपं कोणीही उघडली असती, आणि आज बँकासुद्धा त्याला हो म्हणतील असं वाटत नाही.