ब्लीड, ट्रिम आणि समास

छपाईला जाणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये तीन हद्दी ठरवून द्याव्या लागतात. ट्रिम म्हणजे कापून झाल्यावर हातात येणाऱ्या पानाचा आकार. ब्लीड म्हणजे त्या आकाराबाहेर मुद्दाम वाढवलेली छपाई. कापताना ती निघून जाते. समास म्हणजे पानाच्या कडेपासून आत सोडलेली जागा, जिथे मजकूर जात नाही. पडद्यावर या तिन्ही नुसत्या रेषा दिसतात. त्यांची गरज कळते ती कटिंग मशीनच्या पात्याखाली.

व्यावसायिक छपाई पानाएवढ्या कागदावर होत नाही. मोठ्या तावावर अनेक पाने एकत्र छापली जातात, मग तावाची घडी, बांधणी आणि शेवटी कापणी. ए४ आकाराची दोन पाने शेजारी शेजारी छापायची तर ए३ कागद पुरत नाही. त्यासाठी ३२० × ४५० मिमीचा एसआरए३ ताव वापरतात. वाढीव जागेत ब्लीड आणि कुठे कापायचे ते दाखवणाऱ्या खुणा मावतात आणि मशीनला ताव पकडायला कोरी कड मिळते. कापताना तावांचा गठ्ठा क्लॅम्पखाली दाबलेला असतो, तरी पाते खाली उतरताना कागद किंचित ओढला जातो, आणि वरचा ताव व तळचा ताव तंतोतंत एका जागी कापले जात नाहीत. हवेतल्या ओलाव्याने कागद ताणतो, मशीनमध्ये छपाई थोडी सरकते, घडीत बारीक फरक पडतो. चांगल्या छापखान्यातही अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होणे ठरलेलेच, आणि फाइलमधल्या सगळ्या हद्दी हा फरक गृहीत धरूनच आखलेल्या असतात.

रंगीत पार्श्वभूमी किंवा छायाचित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचे असेल आणि ते नेमके ट्रिमरेषेवर संपवले, तर पाते केसभर बाहेर पडले की कडेला पांढरी चीर दिसते. म्हणून चित्र ट्रिमच्या बाहेर प्रत्येक बाजूला ३ मिमी वाढवतात. इंचात काम करणाऱ्या देशांत हेच माप एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५ मिमी असते. ए४ पान २१० × २९७ मिमीचे. ब्लीड धरून ते २१६ × ३०३ मिमी होते. दर इंचाला ३०० पिक्सेल या नेहमीच्या हिशेबाने चित्र सुमारे २५५१ × ३५७९ पिक्सेलचे हवे. पुठ्ठाबांधणीच्या वेष्टणाला ३ मिमी पुरत नाहीत, कारण छापलेला कागद पुठ्ठ्याच्या कडेवरून आत दुमडायचा असतो. तिथे साधारण १५ ते २० मिमी जादा लागतात.

ब्लीड राहून गेल्याचे लक्षात आले की तयार पान ताणून मोठे करण्याचा मोह होतो. हा उपाय फसवा आहे. २१० चे २१६ करायला २.९ टक्के वाढ लागते आणि २९७ चे ३०३ करायला २ टक्के, म्हणजे एकाच प्रमाणात दोन्ही बाजू जुळत नाहीत. शिवाय चित्राबरोबर मजकूरही कडेकडे सरकतो आणि समास आणखी अरुंद होतो. मूळ फाइल उघडून फक्त पार्श्वभूमी वाढवणे हाच खरा मार्ग, आणि त्यासाठी छायाचित्रात कडेला कापता येईल असा भाग आधीपासून असावा लागतो.

पातळ चौकट हा याच दोषाचा दुसरा अवतार. कडेपासून २ मिमीवर चारही बाजूंनी रेघ ओढली आणि कापणी १ मिमी सरकली, तर एका बाजूला १ आणि समोरच्या बाजूला ३ मिमी उरतात. कोणाच्याही डोळ्याला ते खटकते. चौकट एक तर बरीच आत घ्यावी, नाहीतर काढूनच टाकावी.

समास दोन कारणांनी सोडतात. पहिले सुरक्षिततेचे: मजकूर, पृष्ठांक आणि बोधचिन्ह ट्रिमपासून किमान ३ ते ५ मिमी आत असावेत, म्हणजे पाते आत सरकले तरी अक्षर कापले जात नाही. दुसरे वाचनाचे, आणि पुस्तकात तेच जास्त महत्त्वाचे. पान धरायला अंगठ्याला जागा लागते, आणि बांधणीकडची बाजू घडीत गडप होते. २:३ प्रमाणाच्या पानासाठी आतला, वरचा, बाहेरचा आणि खालचा समास २:३:४:६ या प्रमाणात ठेवण्याची जुनी पद्धत टायपोग्राफर यान चिखोल्ड यांनी विसाव्या शतकात पुन्हा चर्चेत आणली. ती देखणी आहे, पण कागद भरपूर खाते. आजची बहुतेक पुस्तके तेवढी उदार नसतात.

आतल्या समासाचे माप बांधणीवर ठरते. गोंदाने चिकटवलेल्या परफेक्ट बाइंडिंगच्या पुस्तकाचे पान सपाट उघडत नाही, त्यामुळे आतल्या बाजूला १५ ते २० मिमी सोडलेले बरे. जाडजूड पुस्तकाला त्याहून जास्त. दोन पानांवर पसरलेल्या छायाचित्रात मधोमध चेहरा आला तर तो कण्यात, म्हणजे पाने बांधलेल्या बाजूला, गिळला जातो. मध्यभागी पिन मारलेल्या पुस्तिकेची अडचण वेगळी. घड्या एकमेकींत बसवल्यावर आतल्या पानांची कड बाहेर डोकावते आणि कापताना तीच जास्त कापली जाते. ६४ पानी पुस्तिकेत १६ ताव एकात एक बसतात; कागद ०.१ मिमी जाडीचा असेल तर सर्वांत आतला ताव जवळपास दीड मिमी पुढे आलेला असतो. तावावर पाने लावणारे सॉफ्टवेअर ही भरपाई करू शकते, पण पृष्ठांक मुळातच कडेला चिकटवून ठेवला असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

मुखपृष्ठाची फाइल मागचे पान, कणा आणि पुढचे पान अशी सलग करतात. कण्याची रुंदी म्हणजे पानांची निम्मी संख्या गुणिले कागदाची जाडी. ०.१ मिमी कागदावरच्या २०० पानी पुस्तकाचा कणा सुमारे १० मिमी होतो; ए५ आकाराला १४८ + १० + १४८, म्हणजे ३०६ मिमी, आणि ब्लीड धरून ३१२ × २१६ मिमी. कागद बदलला की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, म्हणून कागद पक्का होईपर्यंत मुखपृष्ठ अंतिम समजू नये.

कुठे कापायचे ते दाखवण्यासाठी पानाच्या चारही कोपऱ्यांबाहेर क्रॉप मार्क, म्हणजे बारीक आडव्या-उभ्या रेघा छापतात. त्या ट्रिमरेषेला टेकवायच्या नसतात, नाहीतर कापणी सरकल्यावर पानावर काळा ठिपका उरतो. काही सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर ठरवून न दिल्यास ६ पॉइंट, म्हणजे २.१ मिमी असते. ते ३ मिमी ब्लीडपेक्षा कमी असल्याने रेघा ब्लीडमध्ये घुसतात. अंतर ब्लीडएवढे किंवा जास्त करून घ्यावे. या खुणा रजिस्ट्रेशन रंगात असतात, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शायांच्या प्लेटांवर पूर्ण गडद उमटतात. तोच रंग काळा समजून मजकुराला दिला तर चारही शाया एकावर एक चढतात आणि अक्षरांच्या कडा फाटतात.

यंत्राला मात्र रेघांची गरज नसते. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाला अदृश्य चौकटी जोडता येतात: मीडियाबॉक्स हा संपूर्ण कागद, ब्लीडबॉक्स जादा छपाईची हद्द, ट्रिमबॉक्स अंतिम पान. शेवटच्या दोन पीडीएफच्या १.३ आवृत्तीत आल्या. छपाईसाठी आखलेल्या पीडीएफ/एक्स मानकाचा, म्हणजे आयएसओ १५९३० चा पहिला भाग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रत्येक पानाला ट्रिमबॉक्स किंवा आर्टबॉक्स (पानावरच्या मुख्य मजकूर-चित्राची हद्द) यांपैकी एक असावाच लागतो. तावावर पाने लावणारे सॉफ्टवेअर हाच ट्रिमबॉक्स वाचते. म्हणून स्वयंचलित पद्धतीने काम घेणारे अनेक छापखाने खुणा नकोत, फक्त ब्लीड ठेवा, असे सांगतात. हाताने आखलेल्या खुणा आणि चुकीचा ट्रिमबॉक्स असलेली फाइल माणसाला बरोबर दिसते आणि यंत्राला चूक, आणि अशी फाइल सर्वांत जास्त घोटाळा करते.

साध्या शब्दप्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये ब्लीडची सोय सहसा नसते. तिथे पानाची रुंदी आणि उंचीच प्रत्येकी ६ मिमीने वाढवतात, प्रत्येक समासात ३ मिमी मिळवतात आणि छापखान्याला अंतिम आकार वेगळा कळवतात. मोफत मिळणाऱ्या स्क्रायबससारख्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लीड आणि खुणा दोन्ही थेट देता येतात. पीडीएफ करताना सर्व फॉन्ट त्यात अंतर्भूत करावेत. देवनागरीत हे विसरले तर छापखान्यातल्या संगणकावर जोडाक्षरे सुटी होण्याची शक्यता असते. नमुना प्रत काढताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्के मापावर छापावे आणि ट्रिमच्या खुणांमधले अंतर पट्टीने मोजावे. ए४ पानाला ते २१० मिमी भरले नाही, तर प्रिंटरने पान लहान करून छापलेले असते आणि त्या प्रतीवरून समास तपासण्यात अर्थ नसतो.