मुहमालईचा पट्टा: श्रीलंकेतील भूसुरुंग आणि परदेशी निधी

श्रीलंकेतील यादवी युद्ध मे 2009 मध्ये थांबले, पण उत्तरेत पेरलेले भूसुरुंग जमिनीखाली तसेच राहिले. एप्रिल 2000 मध्ये जाफना द्वीपकल्पाच्या तोंडावरचा एलिफंट पासचा लष्करी तळ तमिळ वाघांच्या हाती गेल्यावर लष्कराने त्याच द्वीपकल्पातील मुहमालई ते नागरकोविल अशी आघाडी धरली आणि पुढे वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी त्या चिंचोळ्या पट्ट्यात सुरुंगांच्या रांगांवर रांगा पुरल्या. लष्कराकडे प्लास्टिकच्या आवरणाचे पाकिस्तानी पी-4 सुरुंग होते, तर वाघांनी लाकडी पेटीतला ‘जॉनी’ सुरुंग स्वतःच बनवला होता. दोहोंत धातू इतका थोडा की शोधयंत्राच्या भरवशावर पाऊल टाकता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी दाताळ्याने माती ओढत इंच इंच जागा तपासावी लागते. हे काम महाग पडते ते मुख्यतः यामुळेच.

परदेशी पैसा 2002 च्या शस्त्रसंधीपासून येऊ लागला. हॅलो ट्रस्ट आणि माइन्स अ‍ॅडव्हायझरी ग्रुप या ब्रिटिश संस्था तेव्हाच तेथे आल्या. मोठा ओघ मात्र 2009 नंतरचा आहे. उत्तरेतील वव्हुनिया शहराजवळच्या छावण्यांत अडीच लाखांहून अधिक विस्थापित अडकले होते आणि गावे साफ झाल्याशिवाय त्यांना परत पाठवणे शक्य नव्हते. जपान, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे अशा देशांनी निधी दिला, तर ज्या देशाची शांतिसेना 1987 ते 1990 या काळात याच भूमीवर लढली होती त्या भारताने आपल्या खर्चाने सुरुंग काढणारी पथके पाठवली.

विस्थापित परतू लागले तशी दात्यांची निकड ओसरली. उरली होती ती जुनी आघाडीची जमीन, जिथे सुरुंग सर्वाधिक दाट होते आणि प्रगती सर्वांत संथ. पैसा सुरुंगांच्या संख्येवर नव्हे, बातमीच्या तीव्रतेवर ठरतो, ही या क्षेत्राची जुनी आणि माझ्या मते अन्यायकारक रीत आहे. श्रीलंका भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारात डिसेंबर 2017 मध्ये सामील झाली आणि साफसफाईसाठी जून 2028 ची मुदत लागू झाली, तेव्हा दात्यांपुढे निदान एक ठरलेली तारीख आली. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली आणि जगभरातील सुरुंग काढण्याची कामेही त्या आदेशात सापडली. मुहमालईत दाताळे धरणाऱ्यांत युद्धात नवरे गमावलेल्या तमिळ स्त्रियाही आहेत. त्यांच्या घरची चूल याच अनुदानावर पेटते.