उंटरहाखिंगचे परदेशी चाहते

जर्मनीत म्युनिक शहराच्या दक्षिण वेशीला लागून असलेल्या उंटरहाखिंग या उपनगरी गावातील फुटबॉल क्लबला देशाबाहेरून पाठिंबा देणारा विखुरलेला प्रेक्षकवर्ग. क्लबचे अधिकृत नाव ‘श्पीलफेरआयनिगुंग उंटरहाखिंग’ असे लांबलचक असले, तरी सगळे त्याला नुसते ‘हाखिंग’ म्हणतात. गावाची वस्ती सुमारे 25,000 आणि मैदानाची क्षमता सुमारे 15,000. म्हणजे निम्म्याहून अधिक गाव एका वेळी स्टेडियममध्ये बसू शकते. तसे ते सहसा बसत नाही. एस-बान या उपनगरी रेल्वेने थोड्या अंतरावर बायर्न म्युनिक हा बलाढ्य क्लब आहे आणि गावातल्या पोरांच्या अंगावरही बायर्नचाच लाल सदरा दिसतो. घरच्याच अंगणात असा वटवृक्ष उभा असताना या रोपट्याला साता समुद्रापार पाणी घालणारे कसे मिळाले, हे कुतूहलाचे आहे.

क्लबची स्थापना 1925 ची. पुढची कित्येक दशके तो प्रादेशिक साखळ्यांमध्येच खेळत राहिला. 1973 पासून जवळजवळ चार दशके अध्यक्ष असलेल्या एंगेलबर्ट कुप्का यांच्या काळात तो एकेक पायरी चढला आणि प्रशिक्षक लोरेन्त्स-ग्युंटर क्योस्टनर यांच्या हाताखाली 1999 मध्ये थेट बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च साखळीत पोहोचला. तिथे दोनच हंगाम टिकला, पण परदेशात त्याचे नाव झाले ते याच दोन हंगामांमुळे.

20 मे 2000 हा हंगामाचा शेवटचा दिवस. बायर लेव्हरकूसन तीन गुणांनी पुढे होता आणि पहिल्यावहिल्या विजेतेपदासाठी त्याला हाखिंगच्या मैदानावर फक्त बरोबरी हवी होती. विसाव्या मिनिटाच्या सुमारास लेव्हरकूसनच्या मिखाएल बालाकने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला. उत्तरार्धात मार्कुस ओबरलाइटनरने हेडरने दुसरा गोल केला. हाखिंग 2–0 ने जिंकला. त्याच वेळी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर बायर्नने वेर्डर ब्रेमेनला 3–1 असे हरवले, दोघांचे गुण सारखे झाले आणि गोलफरकावर चषक बायर्नकडे गेला. त्या दिवशी बायर्नच्या प्रेक्षकांचा अर्धा जीव रेडिओत अडकला होता. ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेटचे धावते वर्णन ऐकलेल्या मराठी माणसाला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

योगायोग असा, की पुढच्या वर्षीच्या नाट्यातही हाखिंग होताच. 19 मे 2001 रोजी तो बायर्नशी विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या शाल्के या क्लबकडे पाहुणा होता. आधी 2–0, नंतर 3–2 अशी आघाडी घेऊन अखेर 5–3 ने हरला. शाल्केचे लोक विजेतेपद मिळाले असे समजून मैदानात नाचू लागले. तेवढ्यात हॅम्बुर्गमध्ये बायर्नने भरपाई वेळेत बरोबरीचा गोल केला आणि शाल्केचा आनंद चार मिनिटांत विझला. हाखिंगची मात्र दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. सलग दोन वर्षे दुसऱ्यांच्या चषकाचा निकाल या क्लबच्या सामन्यावर लटकला. त्याच्या स्वतःच्या पदरात काही पडले नाही. परदेशी चाहत्याला नेमके हेच भावते, असे मानायला जागा आहे. भावकीच्या भांडणात साक्षीला बोलावलेल्या शेजाऱ्यासारखा हा क्लब दोन्ही वेळा कथेच्या कडेला उभा होता.

मोठ्या क्लबचा परदेशी चाहता दूरचित्रवाणी घडवते. बायर्नसारखा क्लब चाहत्यांच्या दारी जातो : 2008 मध्ये गोलरक्षक ऑलिव्हर कानच्या निरोपाच्या दौऱ्यात तो कोलकात्याला मोहन बागानशी खेळला, अलीकडे महाराष्ट्रातल्या शालेय मुलांसाठी त्याच्या नावाने स्पर्धाही झाली. छोट्या क्लबच्या बाबतीत उलटे असते, तिथे चाहत्यालाच क्लब शोधत जावे लागते. नोकरी किंवा शिक्षणासाठी म्युनिकला आलेले लोक बायर्नचे तिकीट मिळत नाही म्हणून एखाद्या शनिवारी हाखिंगला जातात आणि मायदेशी परतल्यावरही निकाल पाहण्याची सवय सुटत नाही. म्युनिकमध्ये मराठी अभियंत्यांचीही वस्ती आहे, तेव्हा हा रस्ता आपल्या लोकांनाही मोकळा आहे. काही जण संगणकावरच्या फुटबॉल-व्यवस्थापनाच्या खेळात एखादा दुबळा संघ निवडतात आणि नंतर खऱ्या संघात गुंततात. तिसरे ‘ग्राउंडहॉपर’, म्हणजे मैदाने पाहत हिंडणारे भटके. त्यांना फुटबॉलचे वारकरी म्हणण्याचा मोह होतो. पण वारकऱ्याचे दैवत एक असते आणि यांचे दर आठवड्याला बदलते.

भटक्यांमध्ये इंग्रजांचा भरणा बराच असतो, त्याला कारण आहे. 1989 च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर इंग्लंडच्या वरच्या श्रेणींत उभ्याने सामना पाहण्याचे स्टँड काढून टाकले गेले आणि तिकिटेही महागली. मैदान दिसेल अशा जागी बिअर पिण्यास तिथे 1985 च्या कायद्याने बंदी आहे. जर्मनीत उभे राहता येते, हातात बिअर चालते, तिकीट स्वस्त असते. दरवर्षी वर्गणी भरून परदेशी माणूसही जर्मन क्लबचा रीतसर सभासद होऊ शकतो. 1998 पासून चालत आलेल्या ‘50+1’ नियमामुळे व्यावसायिक फुटबॉल कंपनीतही बहुसंख्य मते मूळ सभासद-संस्थेकडेच राहतात. त्यामुळे सभासदपत्र हा केवळ भिंतीवर लावायचा कागद नसतो, अर्थात सभेला हजर राहण्याची तयारी हवी. 2019 मध्ये हाखिंगने म्युनिकच्या शेअर बाजारात समभागही आणले. बोरुसिया डॉर्टमुंडनंतर असे करणारा तो दुसराच जर्मन फुटबॉल क्लब. गुंतवणूक म्हणून कुणी त्याची शिफारस करणार नाही.

क्लबच्या बोधचिन्हात बॉबस्ले, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी शर्यतीची गाडी आहे, कारण या खेळाचीही तिथे मोठी परंपरा आहे. परदेशी पाहुण्याला हे चिन्ह हमखास चक्रावून टाकते आणि स्कार्फ विकत घ्यायला तेवढे पुरते. फुटबॉल संघाच्या चिन्हावर घसरगाडी असावी, यावर घसरणीच्या काळात विनोदही भरपूर होतात.

घसरणी पुष्कळ झाल्या. 2008 मध्ये तिसरी साखळी सुरू झाली तेव्हा हाखिंग तिच्या पहिल्या संघांत होता. 2015 मध्ये तो चौथ्या श्रेणीत गेला, 2017 मध्ये वर आला, 2021 मध्ये पुन्हा खाली, 2023 मध्ये पुन्हा वर आणि 2025 मध्ये पुन्हा खाली. दूरच्या चाहत्यासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक असतो. तिसऱ्या साखळीचे सामने इंटरनेटवर नियमित दाखवले जातात. शनिवारी दुपारी दोनचा सामना भारतात उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला लागतो, म्हणजे चहाच्या वेळेला. चौथ्या, प्रादेशिक साखळीत हा थाट राहत नाही.

अशा काळात चाहते क्लबमधून बाहेर पडलेल्या पोरांवर नजर ठेवतात. करीम अडेयेमी बायर्नच्या युवा संघातून 2012 मध्ये हाखिंगला आला, 2018 मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग क्लबात गेला आणि पुढे डॉर्टमुंडकडून 2024 ची चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, अंतिम लढत खेळला. ती लढत डॉर्टमुंड हरला. पण लंडनमधल्या वेम्बलीच्या त्या मैदानात ‘आपला’ एक जण आहे, एवढे हाखिंगवाल्याला पुरेसे होते.