यकृत प्रत्यारोपणात भूलतज्ज्ञांपुढचे जुने प्रश्न

१ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचं मूल होतं. रक्तस्राव आटोक्यात येईना आणि मूल टेबलावरच गेलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या वेळी तो अनुभव ताजा होता, त्यामुळे रक्त गोठवण्यासाठी जे हाताशी होतं ते सगळं वापरलं गेलं. रक्त थांबलं खरं, पण गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या. २२ दिवसांनी तोही दगावला.

यकृत प्रत्यारोपणाच्या भूलशास्त्रात आधी कशावर संशोधन व्हावं, याची यादी आज कुणीही केली तरी रक्तस्राव आणि गुठळ्यांचा तोल तिच्यात असतोच. तो प्रश्न पहिल्या दोन रुग्णांनीच समोर ठेवला होता. उलगडा व्हायला मात्र चाळीसेक वर्षं गेली. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं, हे आधीपासून माहीत होतं. पण गोठणं रोखणारी प्रोटीन सी आणि अँटीथ्रॉम्बिनसारखी प्रथिनंही तेच बनवतं. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजारात, दोन्ही पारडी एकदमच हलकी होतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर मोजतो एकाच पारड्याला, गोठवणाऱ्या. तो आकडा वाईट दिसला की प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रवाच्या) पिशव्या चढवायच्या, ही सवय वर्षानुवर्षं चालली. त्या जादा द्रवाने यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त जास्तच वाहतं, हे उशिरा ध्यानात आलं. मिलानमध्ये त्रिपोदी, नेदरलँड्समध्ये लिसमन आणि पोर्ते यांच्या कामानंतर या नाजूक तोलाची कल्पना रुजली.

त्याआधीचा मोठा टप्पा अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या केंद्राचा. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन आल्यावर रुग्ण जगू लागले, १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने ही शस्त्रक्रिया आता निव्वळ प्रयोग राहिलेली नाही असं मान्य केलं, आणि संख्या वाढली. तिथले भूलतज्ज्ञ यू गू कांग यांनी थ्रॉम्बोइलास्टोग्राफ शस्त्रक्रियागृहात आणला. यंत्र जुनंच होतं, हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये मांडलेलं. छोट्या कपात थोडंसं रक्त, त्यात टांगलेली पिन, आणि गुठळी घट्ट होईल तसतशी रुंदावत जाणारी रेघ. रेघ उशिरा फुटली तर एक उपाय, फुगून पुन्हा मिटायला लागली तर गुठळी विरघळते आहे, म्हणून दुसरा. आकड्याऐवजी आकार पाहून रक्त द्यायचं. एकेकाळी ढिगाने पिशव्या लागणाऱ्या या शस्त्रक्रियेत आज सरावलेल्या केंद्रांत अनेकांना एकही लागत नाही.

पण पिट्सबर्गमध्ये शिकलेले लोक जगभर गेले, ते तिथल्या पद्धती जशाच्या तशा घेऊन. शिरा-ते-शिरा बायपास (यकृत काढताना खालच्या शिरांतलं रक्त पंपाने वरच्या शिरेत नेणं) हे ठळक उदाहरण. आधी नियम झाला, १९८९ नंतर मोठी शीर न कापता नवं यकृत तिलाच जोडण्याचं पिगीबॅक तंत्र पसरलं तसा मागे पडला; मोठ्या चाचणीने निकाल लावला असं कधी झालं नाही. एका केंद्रात वर्षाकाठी होणार किती शस्त्रक्रिया? एकट्याच्या बळावर चाचणी उभी राहत नाही, आणि प्रत्येकाला आपलीच रीत बरी वाटते.

सगळ्यात अवघड क्षण नव्या यकृतात रक्त सोडण्याचा. बर्फात ठेवलेला अवयव, त्यातलं जतनाचं द्रावण. यूडब्ल्यू नावाच्या द्रावणात पोटॅशियम लिटरला १२५ मिलिमोलच्या आसपास, रक्तात पाचाच्या आत. जास्त पोटॅशियम हृदयाला घातक, म्हणून आधी अवयव धुऊन घेतात. तरी शिरेवरचा क्लॅम्प (चिमटा) निघाला की थंड, आम्लयुक्त रक्त थेट हृदयात येतं. मॉनिटरवर हृदयाच्या आलेखातल्या टी लाटा टोकदार होतात, दाब कोसळतो, भूलतज्ज्ञाच्या हातात कॅल्शियम आणि ॲड्रेनलिनच्या सिरिंज तयार असतात. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या धक्क्याची व्याख्या केली: पहिल्या पाच मिनिटांत सरासरी दाब ३० टक्क्यांनी उतरून किमान एक मिनिट तसाच राहणं. गंमत अशी, की औषध आधीच टोचलं तर दाब तेवढा पडतच नाही, आणि कागदोपत्री काही घडलेलंच नसतं. दोन केंद्रांचे आकडे मग जुळायचे कसे? माझ्या मते नव्या औषधांच्या आधी ही व्याख्या दुरुस्त व्हायला हवी.

२००२ मध्ये अमेरिकेत मेल्ड गुणांवर (यकृताचा आजार किती गंभीर, हे सांगणारा आकडा) अवयव वाटप सुरू झालं. या गुणांत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन धरलं जातं, त्यामुळे मूत्रपिंडं थकलेले रुग्ण रांगेत पुढे आले आणि मूत्रपिंड वाचवणं हा भूलतज्ज्ञाचा प्रश्न झाला. हृदयाचंही तसंच. सिऱ्होसिसमधलं हृदय विश्रांतीत ठणठणीत दिसतं, ताण आला की उघडं पडतं. या हृदयविकाराचे निकष २००५ मध्ये ठरले आणि पुढे बदललेही.

काही उत्तरं भूलशास्त्राबाहेरून आली. हृदय बंद पडल्यानंतर मिळालेल्या यकृतांवरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत अवयव थंड ऑक्सिजनयुक्त यंत्रावर ठेवला, तेव्हा रक्त सोडतानाचा तो धक्का २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला. सिरिंज तीच, भूलतज्ज्ञ तोच. बदलला होता फक्त यकृताचा आधीचा मुक्काम.

औषधांच्या बाबतीत मात्र पाय जपून पडतात. गुठळी विरघळणं रोखणाऱ्या ॲप्रोटिनिनने रक्ताची गरज घटते हे २००० मध्ये युरोपातल्या चाचणीत दिसलं होतं. हृदयशस्त्रक्रियांमधल्या धोक्यांमुळे २००७ मध्ये त्याची विक्री थांबली. त्याच कामाचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड त्याच्या जागी आलं. प्रत्यारोपणात ते सरसकट द्यावं, की थ्रॉम्बोइलास्टोग्राफची रेघ मिटताना दिसली तरच, यावर दोन केंद्रांत आजही दोन उत्तरं मिळतात.