ईश्वरेच्छा

ईश्वरेच्छा : जगाची उत्पत्ती, स्थिती व लय आणि जीवांची सुखदुःखे ज्या ईश्वरी संकल्पामुळे घडतात असे मानले जाते, तो संकल्प. ईश्वराला इच्छा असते असे मुळात म्हणता येईल काय, हा त्यातला तात्त्विक प्रश्न. इच्छा म्हणजे न मिळालेल्याची ओढ असेल, तर ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही त्याला ती कशी व्हावी? आणि इच्छाच नसेल, तर त्याने जग निर्माण केले या म्हणण्यात काय उरते? संस्कृतात या संदर्भात काम, संकल्प, ईक्षण, सिसृक्षा (उत्पन्न करण्याची इच्छा) असे निरनिराळे शब्द येतात. मराठीत ते सगळे एका ‘इच्छे’त मिसळले, निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

श्रुतींत दोन्ही धाटण्यांची वाक्ये आहेत. नासदीय सूक्तात (ऋग्वेद १०.१२९) प्रारंभी ‘काम’ उपजला, तो मनाचे पहिले बीज होता, असे म्हटले आहे, मात्र तो कोणाचा, हे सूक्त उघडपणे सांगत नाही. तैत्तिरीय उपनिषदात ‘सोऽकामयत’ (त्याने इच्छिले) असे येते, तर छांदोग्यात त्याच जागी ‘तदैक्षत’ (त्याने पाहिले, म्हणजे विचार केला) असे क्रियापद आहे. ‘बहु स्यां प्रजायेय’ (मी पुष्कळ व्हावे, जन्मावे) हे पुढचे शब्द दोन्हीकडे सारखेच. ब्रह्मसूत्रांनी मुख्य भर ईक्षणावर ठेवला (१.१.५) आणि कामाचा उल्लेख पुढे (१.१.१८) स्वतंत्रपणे केला. दोन्ही सूत्रांचा रोख एकच आहे : अचेतन प्रधान (सांख्यांनी मानलेली जड मूल प्रकृती) हे जगाचे कारण नव्हे, कारण पाहणे किंवा इच्छिणे अचेतनाला शक्य नाही. म्हणजे येथे इच्छा हा चैतन्याचा पुरावा म्हणून आली आहे; तिचे स्वरूप काय, हा प्रश्न सूत्रकारांपुढे नव्हता. तो पुढे नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या अनुयायांनी) आणि त्यांच्या जोडीच्या वैशेषिकांनी धसाला लावला.

वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादांच्या (साधारणपणे सहावे शतक) सृष्टिसंहारविधीत महेश्वराला संहाराची इच्छा होताच जीवांचे अदृष्ट (पूर्वकर्मांचा साठलेला, न दिसणारा प्रभाव) थोपते आणि शरीरे परमाणूंपर्यंत विलग होतात. पुन्हा सिसृक्षा झाली की अदृष्टाला वाव मिळून परमाणू हलू लागतात. इच्छा ‘होते’ म्हणजे एका वेळी ती नसते व दुसऱ्या वेळी असते, हा सरळ अर्थ. तो पुढच्या टीकाकारांना अडचणीचा वाटला. उद्द्योतकराने (सहावे–सातवे शतक) ईश्वराची इच्छा क्लेशरहित आणि सर्व विषयांत अव्याहत ठरवली. जयंत भट्टाने (नववे शतक) ती स्वरूपाने नित्य मानली. कधी सृष्टी, कधी प्रलय हा तिचा विषय तेवढा पालटतो. श्रीधराच्या न्यायकंदलीत (शके ९१३, म्हणजे इ. स. ९९१) याहून मूलगामी मतभेद नोंदलेला आढळतो. एका पक्षाच्या मते ईश्वराचे गुण आठ : संख्या, परिमाण, पृथक्त्व, संयोग, विभाग, ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न. दुसरा पक्ष शेवटचे दोन गाळतो व सहाच गुण धरतो. ईश्वराचे अकुंठित ज्ञान हीच त्याची क्रियाशक्ती, मध्ये इच्छेचा दुवा नको, असे तो म्हणतो. परंपरेत आठांचा पक्ष टिकला आणि पाठांतराच्या श्लोकांतही शिरला. सहांच्या पक्षाला मिळाले त्याहून अधिक लक्ष मिळायला हरकत नव्हती.

आठांचा पक्ष टिकण्याचे कारण मात्र समजण्यासारखे आहे. नैयायिकांचे ईश्वरानुमान कुंभाराच्या दृष्टान्तावर उभे आहे : मडके हे कार्य, म्हणून त्याला कर्ता, जग हेही कार्य, म्हणून त्यालाही कर्ता. कर्ता म्हणजे उपादानाचे (मडक्याला जशी माती, तशा मूळ द्रव्याचे) प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा (चिकीर्षा) आणि कृती ही तिन्ही ज्याच्या ठायी आहेत तो. चिकीर्षा वगळली तर कर्तृत्वाचे लक्षणच मोडते, आणि लक्षणाबरोबर अनुमानही. उदयनाच्या न्यायकुसुमांजलीपर्यंत ही चौकट कायम राहिली. (उदयनाचा काळ लक्षणावलीतील शके ९०६ या उल्लेखावरून इ. स. ९८४ धरतात. त्या शब्दांकाचा (शब्दांनी सुचवलेल्या आकड्याचा) पाठ बदलून काही अभ्यासक शके ९७६ काढतात. श्रीधर आणि उदयन यांतील आधीचा कोण, हे या वाचनावर अवलंबून असल्याने पाठभेद वाटतो तितका क्षुल्लक नाही.) या इच्छेवर प्राचीन नैयायिकांनी भाषेचाही भार टाकला. ‘या पदातून हा अर्थ समजावा’ अशी ईश्वराची इच्छा म्हणजेच शब्दाची शक्ती, असे लक्षण अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहामुळे पाठशाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी बसले. मग नव्याने ठेवलेल्या नावांचे काय? बारशाच्या दिवशी बाप नाव ठेवतो, तेथे ईश्वराची इच्छा कोठून आणायची? नव्य (नंतरच्या) नैयायिकांनी ‘ईश्वर’ गाळून नुसती ‘इच्छा’ ठेवली व प्रश्न मिटवला.

ईश्वर आपल्या इच्छेने जग करतो या नैयायिक मतावरचा एक सविस्तर हल्ला शांतरक्षिताच्या तत्त्वसंग्रहात आणि त्यावरील कमलशीलाच्या पंजिकेत (दोन्ही आठवे शतक) आहे. हा ग्रंथ छापील रूपात अभ्यासकांच्या हाती आला तो बडोद्यातून. पाटण आणि जेसलमेर येथील जैन ग्रंथभांडारांनी जपलेल्या पोथ्यांवरून तो गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२६ साली दोन खंडांत निघाला. गंगानाथ झा यांचे इंग्रजी भाषांतरही त्याच मालेत १९३७ व १९३९ मध्ये आले. पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होते. ग्रंथकार बौद्ध, पोथी सांभाळणारे जैन, आणि संपादक एंबार कृष्णम्माचार्य हे वडताल येथील वैष्णव वातावरणातल्या संस्कृत पाठशाळेचे अध्यक्ष. जगत्कर्ता ईश्वर पहिल्या दोघांना मान्य नाही. तिसऱ्याच्या परंपरेचा तर तो पायाच आहे. ईश्वरपरीक्षा या प्रकरणाचे मुद्रणशोधन करताना पंडितांना काय वाटले असेल, अशी उत्सुकता वाचकाला झाल्यावाचून राहत नाही.

शांतरक्षिताचा युक्तिवाद थोडक्यात असा. ईश्वर नित्य आणि त्याची इच्छाही नित्य असेल, तर कारणात काही उणे नाही. मग सर्व कार्ये एकदम व्हावीत. प्रत्यक्षात ती क्रमाने होतात. सहकारी कारणांची वाट पाहावी लागते म्हणावे, तर तीही ईश्वराधीनच, म्हणून सदैव हजर. इच्छा अनित्य मानावी, तर तिचे कारण निराळे शोधावे लागते. त्याच ग्रंथाच्या पुरुषपरीक्षा या प्रकरणात तो हेतूचा प्रश्न काढतो : करुणेने जग केले म्हणावे तर ते निखळ सुखाचे हवे होते, आणि क्रीडेसाठी केले म्हणावे तर क्रीडेच्या साधनांवाचून ज्याचे अडते तो स्वतंत्र कसला? कुमारिल भट्टानेही श्लोकवार्तिकात हाच धागा धरला आहे. प्रयोजनावाचून मंदबुद्धी माणूसही हालत नाही, हे त्याचे वचन पुढे म्हणीसारखे झाले. ‘जीवांच्या अदृष्टानुसार ईश्वर क्रमाने फळे देतो’ हे नैयायिकांचे उत्तर क्रमाची अडचण बऱ्यापैकी सोडवते. पण सारे काम अदृष्टानेच केले तर इच्छेला करण्यासारखे फारसे उरत नाही, हा आक्षेप त्यामुळे संपत नाही.

वेदान्तात गौडपादांनी ‘सृष्टी म्हणजे प्रभूची केवळ इच्छा’ हे मत इतर मतांच्या रांगेत बसवले आणि ‘आप्तकामाला (ज्याच्या सर्व इच्छा पुऱ्या झाल्या आहेत त्याला) कसली स्पृहा?’ असे विचारून सृष्टी हा देवाचा स्वभाव ठरवला. ब्रह्मसूत्रांतील ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ (लोकांत दिसते तशी ही केवळ लीला; २.१.३३) हे सूत्र याच दिशेचे आहे. उलट वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गात भगवंताची इच्छा हेच अंतिम उत्तर मानले जाते. नवरत्न या छोट्या प्रकरणात सर्वेश्वर ‘निजेच्छातः’ (आपल्या इच्छेने) करील, तेव्हा चिंता नको, असे भक्ताला सांगितले आहे. काश्मिरी शैवांत इच्छा ही ज्ञान व क्रिया यांच्या जोडीची शक्ती असून ती उणीव नव्हे, उसळी आहे.

इस्लामी चर्चेत गझाली (१०५८–११११) याने भुकेल्या माणसापुढील दोन अगदी सारख्या खजुरांचे उदाहरण देऊन, सारख्यांतून एक निवडणे हेच इच्छेचे कार्य असे प्रतिपादिले. ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲक्वायनसच्या मते ईश्वर स्वतःचे शिवत्व (चांगुलपण) अपरिहार्यपणे इच्छितो, इतर गोष्टी मात्र तशा अपरिहार्यपणे नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ स्पिनोझाने इच्छा हा ईश्वराच्या स्वरूपाचा भागच नव्हे असे म्हटले आणि ‘ईश्वराची इच्छा’ हे अज्ञानाचे आश्रयस्थान ठरवले.

मराठी संतांनी इच्छेपेक्षा ‘सत्ता’ हा शब्द अधिक नेमकेपणाने वापरलेला दिसतो. ‘चाले हे शरीर कोणाचिये सत्ते’ या तुकारामांच्या अभंगात झाडाचे पानही त्याच्या सत्तेने हलते, इच्छेने नव्हे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात सूर्याचा दृष्टान्त आहे : लोकांच्या व्यवहाराला सूर्य जसा निमित्तमात्र, तसा जगाच्या उत्पत्तीला मी. सूर्य कोणाला दुकान उघड म्हणत नाही, पण तो उगवल्यावाचून दुकाने उघडत नाहीत. सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवणारा ईश्वर गीतेच्या १८.६१ मध्ये येतो, आणि दोनच श्लोकांनंतर अर्जुनाला ‘यथेच्छसि तथा कुरु’ (तुझी इच्छा असेल तसे कर) असे सांगितले जाते. भाष्यकारांनी या शेजाराकडे आणखी थांबून पाहायला हवे होते.

बडोद्याच्या संदर्भात अरविंद घोष यांचाही उल्लेख येतो. १८९३ ते १९०६ या काळात ते संस्थानच्या सेवेत होते. १९०८ च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने त्यांना येथेच मन निःशब्द करण्याची साधना दिली. पुढे भाषणाची वेळ आली तेव्हा श्रोत्यांना नमस्कार करून थांबावे, शब्द आपोआप येतील, असा लेल्यांचा सल्ला होता. अरविंदांच्या पुढील लेखनात ‘आदेश’ (आतून येणारी ईश्वरी आज्ञा) हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्याच्याशी हा प्रसंग जोडला जातो.

व्यवहारात ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ हे शोकपत्रातले ठरलेले वाक्य आहे. बडोद्याच्या मराठी घरांत शेजारच्या गुजरातीतले ‘हरि-इच्छा’ही सहज येते. प्रत्यक्ष इच्छा जाणून घेण्याचा कोकणातला मार्ग कौलाचा : मूर्तीला ओल्या कळ्या लावतात, उजवीकडची आधी पडली तर होकार. घरगुती मार्ग चिठ्ठ्यांचा. एकाच कागदाचे सारखे तुकडे करून ‘होय’ व ‘नाही’ लिहितात, सारख्याच घड्या घालून देवापुढे तांदळावर टाकतात आणि घरातल्या लहान मुलाला एक उचलायला सांगतात. निघालेली चिठ्ठी फिरवायची नाही, असा दंडक आहे. काही घरांत तिसरी, कोरी चिठ्ठीही ठेवतात. ती निघाली तर देवाच्या मनात अद्याप काही नाही असे धरून तो विषय पुढे ढकलतात.